घट

हुपरीत घरटी एक तराजू असतो.
आमच्यातला काचेच्या पेटीतला.
झडप उघडी राहिली तर श्वासानंही काटा हलतो,
म्हणून वजन करताना मालक तोंड फिरवून बोलतो.

किलोभर चांदी आत आली
की किलोभर पैंजण बाहेर जायला हवेत.
मधे जे हरवतं, झाळताना, कानशीत, नखाखाली,
त्याला घट म्हणतात.
घट किती धरायची हे आधीच ठरलेलं असतं.

मुलगी झाली तेव्हा दोन किलो सहाशे पन्नास.
सासरे म्हणाले, गुंजच की ही आमची.
बारशाआधीच तिचं नाव गुंज पडलं.

पहिल्या दिवशी मला चीक आला,
पिवळा, दाट, चमचाभर.
आत्याबाईंनी तो पिळून तुळशीमागं टाकायला लावला.
"जड असतंय त्ये. तीन दिस मध चाटव."
मी ऐकलं. टाके ओढत होते,
आणि पहिलटकरणीला काय कळतंय
हे मलाही पटलेलं होतं.

त्याच आठवड्यात म्हैस व्याली.
तिच्या चिकाला मात्र पितळी पातेलं,
गूळ, वेलदोडा, वर किसलेलं जायफळ,
आणि गल्लीभर वाटप.
मुजावरांच्यात सहा वड्या, त्यांच्यात पोरं जास्त.

चौथ्या दिवशी गुंज रडायचीच थांबली.
नुसती पडून. ओठ कानशीसारखे.
आशाताई आल्या, सुरय्या मुजावर,
झोळीचा काटा घेऊन.
तुळईला हुक अडकवला, झोळीत तिला ठेवलं.
दोन किलो तीनशे दहा.

तीनशे चाळीस ग्रॅम घट.
हिशेब मी तोंडीच केला, सवयीनं.

आत्याबाईंनी खरवसाची ताटली पुढं सरकवली.
ताईंनी वडी मोडली, खाल्ली, बोटं पुसली,
मग विचारलं, "मावशी, रेडकाला पाजला का हा?"
"मग? आधी त्येला, मग आमाला.
चीक न्हाई मिळाला तर रेडकू जगंल व्हय?"

ताई काहीच बोलल्या नाहीत.
झोळी अजून हलत होती.
आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलं,
मग उठून मधाची बाटली
फडताळात मागं, पार मागं सारली.

पाजायलाही शिकावं लागतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात,
हनुवटी छातीला टेकलेली.
ताई दोन दिवस शेजारी बसून राहिल्या.
दूध उतरलं तेव्हा मध्यरात्र होती,
पदर, चोळी, वाकळ, सगळं ओलं.

मग दिवसाला पंचवीस ग्रॅम, कधी तीस.
एका बारीक तोरडीचं वजन.
रोज एक तोरडी तिच्या अंगावर चढत गेली,
मनगटाला वळी, मांडीला दोन.

दीड महिन्यानं मी पुन्हा कड्या जोडायला बसले.
ती कुरकुरली की उठायचं,
नखातला टाकणखार दोनदा धुवायचा, मग तिला घ्यायचं.
"वैनी, काम निम्म्यावर आलंय," मालक म्हणाला.
आलंय खरं.

एप्रिलात पत्रा तापला.
आत्याबाई वाटीत पाणी घेऊन आल्या, दारातच थबकल्या.
"दुधातच पाणी असतंय म्हणं,"
असं स्वतःलाच सांगितलं
आणि वाटी माझ्या तोंडाला लावली.

नवऱ्यानं घाबरून आणलेला पावडरीचा डबा
चहात संपला.
त्यात आता घुंगरं ठेवते.
हलवला की गुंज मान वळवते.

आज सहा महिने. सहा किलो नऊशे.
उद्यापासून मऊ भात, दाट वरण,
आणि माझं दूध आहेच.

मालकानं पैंजण तोलले. चार ग्रॅम कमी.
"घट जास्त आलीय."
मी म्हटलं, कापा.
काटा थांबायची वाट बघत आम्ही दोघं बसलो.
तो थांबेना.
गुंज मांडीवर पीत होती, दमादमानं,
नाकातून श्वास सोडत.